शिवणीतलं छिद्र

कोरोनाच्या काळात सरकारनं देशात शिवलेली पीपीई किट विकत घ्यायला सुरुवात केली आणि दोन-अडीच महिन्यांत एक अख्खा उद्योग उभा राहिला. त्या धावपळीत आमचा सात मशीनचा बचत गटही होता. आम्ही काय शिकलो, कुठं चुकलो आणि सरकारी कामाचे पैसे मिळवताना काय काय करावं लागतं, त्याची ही गोष्ट.

परवा दिवाळीची साफसफाई म्हणून आमच्या शिलाई केंद्राचा माळा काढला. जुने कटपीस, मोडकी हँगरं, गणवेशांचे कागदी बेत... आणि सगळ्यात खाली एक प्लॅस्टिकची पिशवी. आत पांढऱ्या, चुरचुरणाऱ्या कापडाचा पायघोळ पोशाख. डोक्याच्या टोपीसकट एकाच तुकड्यात शिवलेला. गटात नवीनच आलेली एक मुलगी म्हणाली, "काकू, हे काय? रेनकोट?"

आम्ही जुन्या बायका एकमेकींकडे बघून हसलो. आणि मग सगळ्याच गप्प झालो. त्या पोशाखाच्या पाठीवर, शिवणीच्या रेषेवर, निळ्या ठिपक्यांची एक रांग अजून तशीच होती. कपड्यांच्या निळीची. ती तिथं कशी आली, हे त्या मुलीला सांगता सांगता अर्धा तास गेला. म्हटलं, तुम्हालाही सांगावं.

आमचं तालुक्याचं गाव. सोलापूरहून एसटीनं दीड-दोन तासांवर. सोलापूर म्हणजे चादरी, टॉवेल, हे सगळ्यांना ठाऊक. पण शाळेच्या गणवेशांसाठीही ते नावाजलेलं आहे. तिथल्या कारखान्यांचं जादाचं काम अधूनमधून आमच्याकडं येई. बाकी मग लग्नसराईत परकर-ब्लाऊज आणि एरवी फॉल-पिको. अकरा बायका, सात मशीन, त्यातली दोन अजून पायानं चालवायची. कुणाच्या घरचा गॅस, कुणाच्या मुलाची फी यावर निघायची.

मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला आणि गणवेशाचं काम एका दिवसात बंद झालं. आठवडाभरातच एका सरकारी कार्यालयातून फोन आला. "कापडी मास्क शिवून द्याल का? आठ हजार लागतील. दहा रुपये नग." आम्हाला तर देवच पावला! गटाच्या बचतीतून कापड आणलं, इलॅस्टिक मिळेना म्हणून नाड्या शिवल्या. बायका आपापल्या घरी बसून रात्रंदिवस काम करत होत्या. आगाऊ म्हणून वीस हजार मिळाले. बाकीचं बिल? "नंतर बघू हो ताई, सध्या माणसं वाचवायची आहेत." बरोबरच होतं त्यांचंही. आम्ही ऑर्डरचा कागद मागितलाच नाही. मागायचा असतो हेच ठाऊक नव्हतं.

आम्ही एकट्या नव्हतो. केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयानं तेव्हा सांगितलं होतं की, एप्रिल २०२० च्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत देशभरातल्या बचत गटांच्या ७८ हजारांहून जास्त बायका मास्क शिवण्यात गुंतल्या होत्या आणि जवळपास दोन कोटी मास्क तयार झाले होते. दोन कोटी! शिलाई मशीन म्हणजे बायकांचा फावल्या वेळचा उद्योग, असं म्हणणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

पण कापडी मास्क तुमच्या-आमच्यासाठी. दवाखान्यातल्या डॉक्टर-नर्सला लागतं ते निराळं. तिथं पायापासून डोक्यापर्यंत झाकणारा पोशाख, एन-९५ मास्क, चष्मा, हातमोजे, बुटांवरची आवरणं असा सगळा संच लागतो. यालाच आपण पीपीई किट म्हणायला शिकलो. आणि नेमकं तेच जगात मिळेनासं झालं होतं. जागतिक आरोग्य संघटनेनं ३ मार्च २०२० रोजीच इशारा दिला होता. साध्या सर्जिकल मास्कच्या किमती सहापट झाल्यात, एन-९५ तिप्पट आणि गाऊन दुप्पट. जगाला महिन्याला जवळपास ९ कोटी मास्क लागतील, असा त्यांचा अंदाज होता. चीनमधून माल यायचा, तर तिथंच आजार. ज्याच्याकडं माल होता, तो बाहेर द्यायला तयार नव्हता. आपल्या सरकारनंही ३१ जानेवारी २०२० रोजी अशा साहित्याच्या निर्यातीवर बंदी घातलीच होती, पुढं त्या बंदीत बदल होत राहिले. आणि आपल्या देशात डोक्यापासून पायापर्यंतचा तो पोशाख, ज्याला कव्हरॉल म्हणतात, तो बनवणारे जवळजवळ कुणी नव्हतेच. आपण एवढं कापड विणतो, एवढे कपडे शिवतो, जगाला शर्ट-पँट पुरवतो. पण आपल्याच नर्सच्या अंगावरचा हा पोशाख आपण शिवत नव्हतो. का? कारण कुणी मागितलाच नव्हता.

हे मला तेव्हा कळत नव्हतं. मला एवढंच कळत होतं की, माझी थोरली नणंद सरकारी रुग्णालयात नर्स आहे आणि तिची ड्यूटी कोविड वॉर्डात लागली आहे. आम्ही त्यांना वन्सं म्हणतो. सव्वीस वर्षांची नोकरी. रात्री फोन केला की म्हणायच्या, "काही नाही गं, बरी आहे." एकदा मात्र बोलता बोलता म्हणाल्या, "आज किट कमी होती. दोघींनी रेनकोट घालून राऊंड घेतला." त्या रात्री मला झोप आली नाही.

म्हणूनच एप्रिलच्या शेवटी एक ठेकेदार टेम्पोतून पांढऱ्या कापडाची कटिंग घेऊन आला, तेव्हा मला फार आनंद झाला. "पीपीई किट आहेत. शिवून द्या, नगाला तीस रुपये." तीस रुपये म्हणजे आमच्यासाठी सोन्याचा भाव. शिवाय वाटलं, आपल्या हातचं वन्संच्या अंगावर जाईल. पहिले दीडशे आम्ही चार दिवसांत शिवले. तो घेऊन गेला आणि आणखी तीनशेची कटिंग टाकून गेला.

त्याच आठवड्यात वन्संचे विलगीकरणाचे दिवस संपले आणि त्या घरी आल्या. आत आल्या नाहीत, अंगणातच खुर्ची टाकून लांब बसल्या. मी मोठ्या कौतुकानं एक पोशाख आणून दाखवला. त्यांनी हातात घेतला, उलटा केला, शिवणीवरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "एक बादली आण. आणि थोडी नीळ."

मला वाटलं, धुऊन बघतायत. त्यांनी पाठीचा भाग झोळीसारखा धरायला लावला, त्यात निळीचं पाणी ओतलं आणि खालून शिवणीवर अंगठ्यानं दाबलं. एक एक करत टाक्यांच्या छिद्रांमधून निळे थेंब बाहेर आले. सगळ्या रेषेवर. मोत्यांच्या माळेसारखे.

"कापड चांगलं आहे," त्या म्हणाल्या. "पण सुई जिथं जिथं गेली, तिथं तिथं भोक पडलं. पाण्याच्या जागी पेशंटचं रक्त असतं, उलटी असते. अगं, हे मला घालायला देणार होतीस?"

त्या रागावल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

मैत्रिणींनो, शिवणकामात आपला सगळा अभिमान टाक्याचा असतो. टाका बारीक, सरळ, घट्ट. पण या पोशाखात टाका जितका बारीक तितकी छिद्रं जास्त! ही गोष्ट आमच्यातल्या एकीच्याही डोक्यात आली नव्हती. नंतर कळलं की, शिवून झाल्यावर त्या शिवणीवर आतून एक पट्टी, म्हणजे टेप, गरम हवेच्या मशीननं चिकटवावी लागते. रेनकोट आणि तंबू बनवणारे असंच करतात. त्यामुळं बुजतात ती छिद्रं. आमच्याकडं ना ते मशीन होतं, ना ती टेप, ना ठेकेदारानं तिचा उल्लेख केला होता.

त्या रात्री गटाची बैठक झाली, तोंडाला मास्क लावून, लांब लांब बसून. शोभा म्हणाली, "आपण फक्त शिवतो. तपासणं त्यांचं काम. तीनशे नगांचे नऊ हजार होतात, ते सोडायचे?" तिचा नवरा ड्रायव्हर, महिनाभर घरी बसलेला. तिला चूक कसं म्हणायचं? कुणीच बोलेना. शेवटी आमच्यातल्या सगळ्यात वयस्कर मावशी म्हणाल्या, "आपल्या वन्संना जे घालणार नाही, ते दुसरीच्या नणंदेला का घालायचं?" तिथं विषय संपला. कटिंग परत केली. ठेकेदार चिडला, आधीच्या दीडशे नगांचे साडेचार हजारही त्यानं दिले नाहीत. त्या दीडशे पोशाखांना टेप लावा, असं आम्ही त्याला परत परत सांगितलं. तो म्हणाला, "पुढचं आम्ही बघतो." पैसे बुडाले याचं आता काही वाटत नाही. ते दीडशे मात्र अजून टोचतात.

माळ्यावरचा तो पोशाख तेव्हाचा. मुद्दाम ठेवलेला.

नंतर मी या विषयाच्या मागेच लागले. सरकार नेमकं काय मागत होतं, कुणाकडून घेत होतं, हे विचारत राहिले. जे कळलं ते सांगते, कारण त्यात आपल्या सगळ्यांच्या कामाचं आहे.

केंद्र सरकारनं ही खरेदी एचएलएल लाइफकेअर या आपल्याच कंपनीकडं सोपवली होती. तिरुवनंतपुरमची ही कंपनी पूर्वीची हिंदुस्तान लेटेक्स, १९६६ सालची. आरोग्य मंत्रालयानं मार्च २०२० मध्ये लिहून दिलं की, पोशाखाच्या कापडातून रक्त आत जाता कामा नये, आणि त्यासाठीची आयएसओ १६६०३ ही चाचणी पास झाली पाहिजे. यात माणसाचं रक्त वापरत नाहीत. रक्तासारखा लाल, कृत्रिम द्रव दाबानं कापडावर सोडतात आणि पलीकडं येतो का ते बघतात. फक्त कापडावर नाही बरं का, शिवणीवरसुद्धा! म्हणजे वन्संनी अंगणात नीळ घालून केलं ते, फक्त यंत्रावर आणि मोजून-मापून.

सुरुवातीला ही तपासणी कोइमतूरच्या सिट्रा या वस्त्रोद्योग संशोधन संस्थेत होत असे. लॉकडाऊनमध्ये गाड्या बंद, कुरिअर बंद. नमुना पोचवायचा तरी कसा? मग ग्वाल्हेरची संरक्षण खात्याची प्रयोगशाळा आणि आणखी काही प्रयोगशाळा यात आल्या. पास झालेल्या प्रत्येक कारखान्याच्या कापडाला आणि पोशाखाला एक वेगळा सांकेतिक क्रमांक मिळू लागला. किटवर तो क्रमांक असला, तर ते कुणी बनवलं आणि कधी तपासलं, हे शोधता येई. बाहेरून आलेला सगळाच माल चांगला होता असंही नाही. एप्रिल २०२० मध्ये चीनहून आलेल्या किटांपैकी बरीच आपल्या तपासणीत नापास झाली होती. परदेशी म्हणजे पक्कं आणि देशी म्हणजे कच्चं, असं काही नसतं. तपासलेलं आणि न तपासलेलं, एवढाच काय तो फरक.

आणि मग काय झालं? बेंगळुरू, तिरुपूर, लुधियाना इथले जे कारखाने टी-शर्ट आणि जॅकेट शिवत होते, त्यांनी टेपची मशीनं मिळवली, कारागीर शिकवले. मे २०२० संपायच्या आत देशात रोज तीन लाखांहून जास्त पीपीई किट आणि तितकेच एन-९५ मास्क तयार होऊ लागले. चीनच्या खालोखाल आपला नंबर लागला. जिथं मार्चमध्ये जवळजवळ शून्य होतं, तिथं! जून २०२० च्या शेवटी महिन्याला ५० लाख किट बाहेर पाठवायची परवानगी मिळाली आणि ऑगस्टमध्ये त्यांची निर्यात खुलीच झाली. त्याच वर्षी भारतीय मानक ब्युरोनं कव्हरॉलसाठी आयएस १७४२३ हे आपलं स्वतःचं मानकही आणलं.

याचं श्रेय कारखान्यांना आहेच, तिथं राबणाऱ्या हजारो बायकांनाही आहे. पण मला यातून एक वेगळीच गोष्ट दिसते. गिऱ्हाईक शहाणं असेल तर शिवणारीण तयार होते. आपल्याकडं नाही का, एखादी चोखंदळ बाई ब्लाऊज शिवायला येते, गळा असा हवा, काखेत ताण नको, अस्तर हे लावा म्हणून सांगते. सुरुवातीला कटकट वाटते. पण तिच्यामुळं आपला हात सुधारतो. सरकार हे देशातलं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. त्यानं काय हवं ते स्पष्ट लिहिलं, तपासायची सोय केली आणि घेऊ म्हटल्यावर घेतलं, तेव्हा दोन-अडीच महिन्यांत देश शिकला. यातली एक गोष्ट जरी नसती, तरी जमलं नसतं.

दुसरी बाजूही सांगायला हवी. साथ ओसरली तशा ऑर्डरी आटल्या. आमच्या शेजारच्या तालुक्यातल्या एका बाईंनी कर्ज काढून टेपचं मशीन घेतलं होतं. २०२२ मध्ये मी गेले तेव्हा त्यावर चादर घातलेली होती. त्या म्हणाल्या, "गरज होती तेव्हा रात्री दोनला फोन यायचे. आता फोन उचलत नाहीत." गरज सरो नि वैद्य मरो, असंच झालं. उद्या पुन्हा काही आलं, तर ही मशीनं आणि ते शिकलेले हात कुठं शोधायचे? म्हणून साथ असो-नसो, दवाखान्यांची नेहमीची खरेदी दर्जा बघून आणि नियमित होत राहिली पाहिजे. नुसता सगळ्यात कमी भाव बघितला, तर टेप सगळ्यात आधी गळते.

आणि तिसरी बाजू वन्संची. त्या सांगतात, किट यायची ती बहुधा एकाच मापाची, उंचपुऱ्या पुरुषाच्या मापाची. नर्स मात्र बहुतेक बायका. पाय लोंबायचे, ते चिकटपट्टीनं गुंडाळायचे. काही जणींना उलट पाठीत आखूड पडायचं. "वाकलं की ताण पाठीच्या शिवणीवर. पेशंटला उचलताना टर्र आवाज आला की काळजात धस्स व्हायचं." सहा-सहा तास पाणी प्यायचं नाही, बाथरूमला जायचं नाही. पाळी असेल तर काय, हे त्यांनी मला सांगितलं आणि मी इथं लिहीत नाही. तुम्हाला कळलंच असेल. मी विचारलं, "वन्सं, किट घ्यायच्या आधी तुम्हाला कुणी विचारलं होतं का?" त्या हसल्या. "विचारायला वेळ कुणाला होता? पण आता तर आहे ना?"

त्यांचं हे वाक्य मला फार महत्त्वाचं वाटतं. खरेदीचा कागद तयार होतो तेव्हा त्या टेबलाशी घालणारीही नसते आणि शिवणारीही नसते. मापं तीन ठेवा, पाठीत चार बोटं जास्त द्या, हे सांगायला एक नर्स पुरे. आपल्या राज्यात २०२३ च्या कायद्यानं औषधं आणि वैद्यकीय साहित्याच्या खरेदीसाठी महाराष्ट्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण आलं आहे. यंत्रणा नवीन असतानाच हे सांगून ठेवायला हवं.

आता आमच्या मास्कच्या बिलाचं काय झालं ते सांगते. आठ हजार मास्कांचे ऐंशी हजार. वीस आगाऊ मिळालेले, साठ बाकी. मी आणि शोभा मिळून त्या कार्यालयात किती खेपा घातल्या, मोजल्या नाहीत. साहेब बदलले. नवे साहेब म्हणाले, "ऑर्डर कुठं आहे?" ऑर्डर तोंडी होती. "पोच?" पोच मात्र शोभानं जपून ठेवली होती, मास्क उतरवताना शिपायाच्या सह्या घेतलेल्या चिठ्ठ्या. सहा हजार शंभर मास्कांच्या निघाल्या, बाकीच्या हरवल्या. चौदा महिन्यांनी एकेचाळीस हजार मिळाले. एकोणीस हजार गेले ते गेलेच. ज्या शोभाला आम्ही हिशेबी म्हणून चिडवायचो, तिच्या त्या चिठ्ठ्यांनी गट वाचवला.

तेव्हा कळलं की, कायदा आपल्या बाजूचा आहे, फक्त आपण त्याच्या दारात उभ्या नसतो. ज्या मैत्रिणी शिलाई, पिशव्या, मसाले, काहीही बनवून सरकारी कार्यालयाला देतात किंवा द्यायचं म्हणतात, त्यांच्यासाठी थोडक्यात:

• उद्यम नोंदणी आधी करा, माल नंतर द्या. १ जुलै २०२० पासून ही नोंदणी ऑनलाइन आहे आणि फुकट आहे. आधार लागतं. कुणी पैसे मागितले तर देऊ नका.

• लेखी ऑर्डरशिवाय कात्री लावू नका. किती नग, काय भाव, कधी द्यायचे, पैसे किती दिवसांत, हे कागदावर हवं. प्रत्येक वेळी माल देताना सही-शिक्क्याची पोच घ्या आणि मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा.

• ४५ दिवस लक्षात ठेवा. २००६ च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावं लागतं, मग घेणारं गिऱ्हाईक सरकारी असो की खासगी. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही चक्रवाढ. अशा तक्रारींसाठी 'समाधान' हे पोर्टल २०१७ मध्ये सुरू झालं. तक्रार राज्याच्या सुविधा परिषदेकडं जाते.

• बायकांसाठी वाटा आहे. केंद्राची मंत्रालयं, खाती आणि सरकारी कंपन्या यांनी वर्षाच्या खरेदीपैकी २५ टक्के माल सूक्ष्म-लघु उद्योगांकडून घ्यायचा असतो. त्यातही एकूण खरेदीच्या ३ टक्के महिला उद्योजकांकडून. आपला भाव सगळ्यात कमी भावापेक्षा १५ टक्क्यांपर्यंत जास्त असला, तरी तो खाली आणून कामाचा काही भाग मिळवायची संधी असते. अनामत रकमेतूनही सवलत मिळते.

• जेम पोर्टल बघा. सरकारी खरेदीचा हा ऑनलाइन बाजार २०१६ मध्ये सुरू झाला. महिला आणि बचत गटांसाठी तिथं २०१९ पासून 'वुमनिया' नावाचा उपक्रम आहे. भाषा जड वाटते, खरं आहे. आमच्या गटात बारावीला असलेल्या मुलीनं आम्हाला शिकवलं.

• देशात बनवलं, याला किंमत आहे. २०१७ च्या आदेशानुसार केंद्राच्या खरेदीत देशी मालाला प्राधान्य आहे. २०२० मध्ये तो आदेश आणखी कडक झाला. मालाचा निम्मा किंवा त्याहून जास्त भाग देशातला असेल त्याला पहिला मान. कापड कुठून घेतलं त्याच्या पावत्या म्हणूनच जपा.

हे सगळं वाचून घाबरू नका. आम्हालाही हे एका दिवसात जमलं नाही. २०२२ मध्ये आम्ही उद्यम नोंदणी केली. दोनदा अर्ज भरून काम हुकलं. गेल्या वर्षी पहिल्यांदा एका सरकारी रुग्णालयाचं काम मिळालं. पीपीई किट नव्हे हो! रुग्णांचे सुती सदरे आणि लेंगे, दोनशे जोड. किटसारखं काम टेपच्या मशीनशिवाय घ्यायचं नाही, हे आम्ही ठरवून टाकलं आहे. जे येतं ते नीट करायचं, जे येत नाही ते येतं म्हणून सांगायचं नाही. या वेळी लेखी ऑर्डर होती, पोच होती. पैसे अडतिसाव्या दिवशी खात्यात आले. शोभानं मेसेज तीनदा वाचून दाखवला.

माल पाठवायच्या आदल्या संध्याकाळी वन्संना बोलावलं होतं. आता त्या निवृत्त झाल्यात. गठ्ठ्यातला कुठलाही एक सदरा काढा म्हटलं. त्यांनी मधलाच एक ओढला, उलटा केला, काखेच्या शिवणीवरून बोट फिरवलं. सलाईन लावलेल्या माणसाला हात घालता यावा म्हणून बाही रुंद हवी आणि बटणांऐवजी बंद हवेत, हे त्यांनीच आम्हाला आधी सुचवलं होतं. रुग्णालयानंही ते मान्य केलं होतं.

"बरं आहे," त्या म्हणाल्या.

सव्वीस-सत्तावीस वर्षांत वन्संच्या तोंडून एवढं कौतुक मी पहिल्यांदाच ऐकलं! माळ्यावरचा तो निळ्या ठिपक्यांचा पोशाख मी पुन्हा पिशवीत घालून ठेवला आहे. टाकणार नाही. गटात नवी मुलगी आली की तिला पहिल्या दिवशी मशीनवर बसवण्याआधी तो दाखवायचा, असं आता आम्ही ठरवलंय.